विश्लेषण : वाइनला लागलेला धूर मोजणारा सरकारी शास्त्रज्ञ, आणि आपल्या फडातलं पेटतं पाचट

खर्डा (ता. जामखेड) : खर्ड्यापलीकडे जिल्ह्याची हद्द ओलांडली की भूम-वाशीचा खव्याचा पट्टा लागतो. तिकडच्या भट्टीवाल्याला विचारा, ओलं लाकूड घातलं तर काय होतं? तो सांगेल, खवा धुरकटतो. दिसायला तोच, वजनाला तोच, पण व्यापारी चिमूटभर जिभेवर ठेवतो आणि भाव पाडतो. चुलीवर दूध तापवणाऱ्या घरात तर हे लहान पोरालाही माहीत आहे. झाकण उघडं राहिलं आणि चूल धुमसली की चहाला धुराचा वास येतो आणि सासू पातेल्याकडे बघते.

आता याच गोष्टीवर अमेरिकेत सरकारी नोकरी आहे असं सांगितलं तर पारावर हशा पिकेल. पण आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याची संशोधन शाखा आहे, आपल्याकडच्या भारतीय कृषी संशोधन परिषदेसारखी. तिच्या कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या केंद्रात वणव्याच्या धुराचा द्राक्षावर आणि वाइनवर काय परिणाम होतो याचा अभ्यास चालतो. त्यासाठी पगारी शास्त्रज्ञ आहेत, यंत्रं आहेत, सरकारी पैसा आहे.

ही बातमी जामखेड तालुक्यातल्या माणसाने का वाचावी? इथे वाइनचा कारखाना नाही आणि द्राक्षाखालचं क्षेत्रही थोडं. पण या नोकरीमागे एक प्रश्न आहे, तो आपल्या रोजच्या जगण्यातला आहे. माल खराब झाला की नाही, हे ठरवतो कोण? विकणारा, घेणारा, की तिसरा कोणी?

आधी वाइनबद्दल दोन शब्द बोलून घेऊ, नाहीतर अर्धे वाचक इथेच थांबतील. 27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपर मार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा सगळ्यात मोठा विरोध आपल्याच जिल्ह्यातून झाला. राळेगणसिद्धीतून अण्णा हजारेंनी 14 फेब्रुवारीपासून उपोषणाचा इशारा दिला आणि मग ते स्थगित केलं. वाइन दारू आहे की नाही यावर तेव्हा गावोगावी वाद रंगले. ज्यांना ती नको त्यांचं म्हणणं मी खोडत नाही. दारूपायी मोडलेली घरं आपल्या गावांत कमी नाहीत. पण द्राक्ष पिकवणारा शेतकरी आहे, आणि त्याच्या मालाला धूर लागला तर नुकसान त्याचं होतं. आजचा विषय तेवढाच आहे.

धूर द्राक्षात शिरतो कसा?

वणव्याच्या धुरात काही वायुरूप द्रव्यं असतात. लाकूड, पाला, गवत जळताना ती तयार होतात. त्यातलं मुख्य नाव ग्वायकॉल. भाजलेल्या, धुरावलेल्या पदार्थाला जो वास असतो तो बराचसा याच जातीच्या द्रव्यांचा. हा वास द्राक्षाच्या मण्याच्या सालीतून आत जातो. आत गेल्यावर द्राक्ष त्याला साखरेच्या कणाशी बांधून टाकतं. बांधलं की वास येत नाही. म्हणून धूर बसलेली द्राक्षं खाऊन बघितली तरी सहसा काही कळत नाही. धुऊनही जात नाही, कारण राख वर असते आणि वास आत असतो.

गंमत पुढे होते. त्या द्राक्षाची वाइन करायला घेतली, आंबवणं सुरू झालं, की ही गाठ सुटायला लागते. थोडी पिंपात सुटते, थोडी बाटलीत, आणि उरलेली पिणाऱ्याच्या तोंडात. पहिला घोट बरा लागतो आणि मागून विझलेल्या चुलीची राख चाटल्यासारखी चव येते. लाल वाइन सालीसकट आंबवतात, त्यामुळे तिला जास्त फटका. पांढऱ्या वाइनला रस आधी काढून घेतात, तिला कमी.

आणि मात्रा किती? अब्ज भागात काही भाग. हिशोबाने सांगायचं तर दहा टनी शंभर ट्रक भरून ऊस घ्या आणि त्यात एक ग्रॅम काहीतरी टाका. तो झाला अब्जात एक भाग. असे वीस-पंचवीस भाग झाले की लाल वाइनमध्ये जाणकाराच्या नाकाला कळतं. हे मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफसारखं महागडं यंत्र लागतं आणि ते चालवणारा माणूस लागतो. तालुक्याच्या माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत हे व्हायचं काम नाही.

ऑस्ट्रेलियात 2003 च्या वणव्यांनंतर या अभ्यासाला जोर आला. तिथल्या शास्त्रज्ञांनी द्राक्षाच्या वेलींवर तंबूसारखं आवरण टाकलं, आत वाळलेला पेंढा जाळून धूर सोडला आणि मग त्या द्राक्षांची वाइन करून पाहिली. 2008 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. मण्यात पाणी उतरल्यानंतर अर्धा तास दाट धूर एकदाच बसला तरी वाइन बिघडू शकते. पेंढा हा शब्द लक्षात ठेवा, त्याकडे परत येऊ.

मग 2020 साल आलं. ऑगस्टमध्ये विजा पडून कॅलिफोर्नियात शेकडो आगी लागल्या आणि सप्टेंबरच्या शेवटी नापा खोऱ्यात 'ग्लास फायर' नावाचा वणवा पेटला. ऐन तोडणीत. कारखानदार म्हणाले, तुमच्या द्राक्षाला धूर लागलाय, आम्ही घेत नाही. शेतकरी म्हणाले, खाऊन बघा, कुठे लागलाय? तपासायला नमुने पाठवावेत तर प्रयोगशाळांत रांग, अहवालाला कित्येक आठवडे. द्राक्ष वेलीवर आठवडे थांबत नाही. त्या वर्षी खरा किंवा नुसता संशयित धूर, या कारणाने 1 लाख 65 हजार ते 3 लाख 25 हजार टन द्राक्षं तोडलीच गेली नाहीत, असा तिथल्या वाइन द्राक्ष उत्पादक संघाचा अंदाज होता. यातली किती खरोखर बिघडली होती आणि किती चांगली होती पण भीतीने सोडली गेली, हे तेव्हा ठामपणे सांगायला कोणी नव्हतं.

सरकारी शास्त्रज्ञाची गरज इथे उभी राहते. कारखान्याच्या पगारावरचा तपासनीस कारखान्याचं बोलणार, शेतकऱ्याच्या संघाचा माणूस शेतकऱ्याचं. दुधाच्या संकलन केंद्रावर फॅट लावणारं मशीन कोणाचं आहे, उसाच्या वजनकाट्यावर कोण बसलंय, कांद्याच्या लिलावात 'गोल्टी' कोण ठरवतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मोजमाप ज्याच्या हातात, भाव त्याच्या हातात.

2021 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने ओरेगॉन, वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या तीन राज्यांतल्या विद्यापीठांना मिळून 76 लाख डॉलरच्या पुढे निधी दिला. ओरेगॉनच्या संशोधकांनी 2023 मध्ये दाखवलं की त्या राखेच्या चवीला नुसतं ग्वायकॉल जबाबदार नाही, गंधक असलेली आणखी काही द्रव्यंही त्यात आहेत. म्हणजे आधीच्या तपासण्या अर्धवट होत्या. वीस वर्षांच्या कामानंतरही विषय सुटलेला नाही. शेतकऱ्यांना एक सोपी युक्ती मात्र मिळाली. तोडणीआधी चार-पाच किलो द्राक्षं बादलीत आंबवायची आणि तो नमुना तपासायला पाठवायचा. कच्च्या द्राक्षापेक्षा बादली खरं बोलते.

नोकरी सरकारी, तरी पक्की नाही

आपल्याकडे सरकारी नोकरी म्हणजे जन्माची भाकरी अशी समजूत आहे. अमेरिकेत फेब्रुवारी 2025 मध्ये नव्या सरकारने खर्चकपातीच्या नावाखाली प्रोबेशनवरच्या हजारो केंद्रीय कर्मचाऱ्यांना एकदम घरी पाठवलं. कृषी खात्याच्या संशोधन शाखेतले शास्त्रज्ञ आणि प्रयोगशाळेतली माणसंही त्यात होती. पुढे 5 मार्चला तिथल्या कर्मचारी मंडळाने कृषी खात्याला जवळपास सहा हजार जणांना 45 दिवसांपुरतं परत कामावर घ्यायला सांगितलं. परत आले तरी मन थाऱ्यावर राहील का? कालपर्यंत काढलेला माणूस पाच वर्षांचा प्रयोग आखेल का?

कारखान्यात महिनाभर यंत्र बंद राहिलं तर महिन्याचं नुकसान होतं. द्राक्षाचं तसं नाही. फळ वर्षातून एकदा येतं. त्या पंधरवड्यात नमुना घेणारा माणूस जागेवर नसेल तर अख्खं वर्ष गेलं. आणि धुराच्या अभ्यासात धूर नसलेली वर्षं तर जास्त महत्त्वाची, हे बाहेरच्याला पटकन कळत नाही. शिराझसारख्या काही द्राक्षांत ग्वायकॉल जातीची द्रव्यं धूर न लागताही थोडी असतात. आतून भाजलेल्या ओकच्या पिंपातूनही ती वाइनमध्ये येतात. मग धुराने किती वाढलं हे सांगायचं तर निवांत वर्षातला आकडा आधी लिहून ठेवलेला हवा. हिशोब तपासणाऱ्याला मात्र वाटतं, आग नाही तर याला पगार कशाचा?

आपल्याकडे काय आहे?

पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, 1997 पासून. मांजरी मेडिका, मांजरी किशमिश ही तिथलीच वाणं. द्राक्ष बागायतदाराला हे केंद्र माहीत आहे ते मुख्यतः औषधांच्या अंशामुळे, म्हणजे रेसिड्यूमुळे. 2010 मध्ये युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत सीसीसीचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि कंटेनर अडकले. शेंडा थांबवायला बागेत सर्रास वापरलं जाणारं हे रसायन तेव्हा आपल्याकडच्या तपासणीच्या यादीतच नव्हतं! शेतकऱ्याने नियम मोडला होता असं नाही, यादी अपुरी होती. नंतर ते यादीत आलं. आज निर्यातीच्या द्राक्षांच्या तपासणीवर देखरेख करणारी राष्ट्रीय प्रयोगशाळा याच मांजरीत आहे. युरोपचा व्यापारी काही म्हणाला तर आपला आकडा त्याच्यासमोर ठेवता येतो. हे कोण्या कंपनीने केलेलं नाही, सरकारी पगारावरच्या शास्त्रज्ञांनी केलंय.

आता धुराकडे येतो. कॅलिफोर्नियासारखे महिनाभराचे वणवे आपल्या द्राक्षपट्ट्यात पेटत नाहीत. पण आपलं वेळापत्रक बघा. द्राक्षाची गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरला. मण्यात पाणी उतरायचं ते डिसेंबर-जानेवारीला. वाइनच्या द्राक्षाची तोड जानेवारी ते मार्च. आणि उसाचा गळीत हंगाम? नोव्हेंबरात सुरू होऊन मार्चपर्यंत. म्हणजे ज्या दिवसांत मणी धुराला सगळ्यात हळवा, नेमके त्याच दिवसांत शेजारच्या रानात पाचट पेटतं. वाळलेलं पाचट म्हणजे पेंढ्याचाच भाऊ. जुना, लांबून आलेला धूर विरतो, त्यातली बरीच द्रव्यं वाटेत निघून जातात. बांधापलीकडून आलेला ताजा धूर जास्त घातक.

दुसरं उदाहरण निफाडचं. तिथे पारा चार-पाच अंशांवर आला की द्राक्षाचे मणी तडकायला लागतात, म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. थंड पहाटे धूर वर जात नाही, वेलींच्या मांडवाखालीच कोंडतो. खायच्या द्राक्षासाठी ही शेकोटी वरदान आहे. तीच बाग वाइनची असेल तर?

एक खुलासा करतो, नाहीतर गैरसमज होईल. पाचटामुळे नाशिकची वाइन बिघडते असं मी म्हणत नाही. उघड्या रानात पंधरा-वीस मिनिटांत पाचट जळून जातं, वारा असला तर धूर पांगतो, तंबूतल्या प्रयोगासारखा कोंडून बसत नाही. मुद्दा एवढाच की यावर अंदाजाने बोलण्यापेक्षा मोजून बोललेलं बरं. आणि मोजायला जागाही फार शोधायला नको. ज्या मांजरीत द्राक्ष संशोधन केंद्र आहे, त्याच मांजरीत उसावर काम करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. पाचटवाले आणि द्राक्षवाले एकाच गावचे शेजारी आहेत. एका वर्षी चार बागा निवडून, पाचट पेटण्याआधी आणि नंतर घड घेऊन, बादलीत आंबवून तपासायचे. यासाठी कॅलिफोर्नियाएवढा पैसा लागणार नाही.

हे केलं नाही तर काय होईल, तेही सांगतो. कधीतरी एखाद्या हंगामात खरेदीदार म्हणेल, तुमच्या मालाला धुराचा वास आहे, दर कमी. करारात गोडी किती, म्हणजे ब्रिक्स किती, ते असतं, त्याला यंत्र बागेत नेता येतं. धुराचा आकडा शेतकऱ्याकडे नसेल. शॉर्टसर्किटने ऊस जळाला तर तलाठी येऊन पंचनामा करतो. गारपीट झाली तरी करतो. हवामानावर आधारित फळपीक विम्यात द्राक्षाला अवकाळी पाऊस, थंडी, गारपीट हे धोके धरलेत. धुराचा पंचनामा करणारा कोणी नाही, कारण धूर संध्याकाळी निघून जातो.

फडातली माणसं

आता खर्ड्याचा संबंध. जामखेड, पाथर्डी, शेजारचे आष्टी, पाटोदा, इथली कित्येक कुटुंबं दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन निघतात. जळीत ऊस तोडायला सोपा, पाचट सोलायचं नसतं, पण वजन घटतं आणि कारखाना कपात लावतो. त्या काळ्या फडात दिवसभर कोण उभं असतं? आपलीच माणसं. संध्याकाळी थुंकी काळी पडते हे कोणत्याही तोडकऱ्याला विचारा. बायका खोपटासमोर चूल पेटवतात, म्हणजे दिवसाचा धूर वेगळा आणि रात्रीचा वेगळा. पोरं त्यातच निजतात.

जगात एका पेल्यातल्या वाइनमधला धूर अब्जाव्या भागापर्यंत मोजायची सोय झाली. ती झाली कारण त्या बाटलीला भाव आहे आणि नुकसान झालं तर बोलणारा संघ आहे. ती सोय केली याबद्दल मला राग नाही, उलट हेवा वाटतो. पण तेच ग्वायकॉल आणि त्याच्याहून घातक बारीक कण तोडकऱ्याच्या छातीत किती गेले हेही मोजता येतं, विज्ञान तेच आहे. कारखान्याच्या गटांवर हंगामात फुप्फुसाची तपासणी, फुंकून बघायचं साधं यंत्र असतं त्याने, हंगामाच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा, एवढं जरी झालं तरी आकडे हाती येतील. द्राक्षासाठी निवांत वर्षाचा आकडा लागतो तसा माणसासाठी फडात जाण्याआधीचा आकडा लागेल.

पाचट जाळणाऱ्या शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवून मात्र काही साधणार नाही. हेक्टरी आठ-दहा टन पाचट पडतं. ते कुट्टी करायला यंत्र वेळेवर मिळत नाही, खोडव्याला पाणी द्यायची घाई असते, उंदीर-सापाची भीती असते. कृषी खातं वर्षानुवर्षं सांगतंय की पाचट सरीत दाबा, जमिनीला सेंद्रिय खत मिळेल, पाणी वाचेल. ते खरंही आहे आणि ज्यांनी केलं त्यांच्या रानात दिसतंही. पण गावात कुट्टी यंत्र एक आणि मागणारे पन्नास, ही अडचण भाषणाने सुटत नाही. यंत्र भाड्याने मिळायची सोय सोसायटीने केली तर काडेपेटी आपोआप खिशात राहील.

पोरांसाठी

अकरावी-बारावी सायन्सला असलेल्या, ॲग्रीला जाऊ पाहणाऱ्या मुला-मुलींसाठी शेवटी थोडं. गावात कृषी पदवी घेतली की पुढे दोनच वाटा दिसतात, एमपीएससी नाहीतर औषध दुकान. तिसरी वाट संशोधनाची आहे. आपल्याच जिल्ह्यात राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, 1968 पासून. पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण, बहुतेकदा पीएच.डी., आणि मग कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळाची अखिल भारतीय परीक्षा. निवड झाली तर देशातल्या कोणत्याही केंद्रावर शास्त्रज्ञ म्हणून नेमणूक, मूळ वेतन 57,700 पासून. विषय फळशास्त्र, रोगशास्त्र एवढेच नाहीत. कृषी रसायनशास्त्र आणि अन्न तंत्रज्ञान यांतूनही जाता येतं, आणि धूर मोजणारा शास्त्रज्ञ याच दोन वाटांनी तयार होतो.

हे मंडळ झालं कसं, यातही एक मराठी माणूस आहे. 1972 मध्ये दिल्लीत एका कृषी शास्त्रज्ञाने भरती-बढतीतल्या अन्यायाची तक्रार मागे ठेवून आत्महत्या केली. देशभर गदारोळ झाला. सरकारने चौकशी समिती नेमली, अध्यक्ष होते साताऱ्यात जन्मलेले माजी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर. त्या समितीनंतर 1973 मध्ये हे स्वतंत्र निवड मंडळ आलं आणि 1975 मध्ये कृषी संशोधन सेवा सुरू झाली. परीक्षा अवघड आहे, जागा मोजक्या निघतात आणि दरवर्षी निघतीलच असंही नाही. जाहिरात मंडळाच्या संकेतस्थळावर येते, एजंटाकडे नाही. पैसे घेऊन लावून देतो म्हणणारा भेटला तर त्याचा नंबर पोलिसांना द्या.

बार्शीकडे किंवा श्रीगोंद्याकडे ज्यांचे नातेवाईक द्राक्षबाग सांभाळतात त्यांना एवढं कळवा. वाइनसाठी करार केला असेल आणि पाणी उतरल्यानंतर शेजारी पाचट पेटलं, तर तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा वहीत लिहून ठेवा, मोबाइलवर फोटो काढा. दोन-तीन घड पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका आणि पिशवीवर तारीख लिहा. त्याच बागेचे धुराआधीचे दोन घडही ठेवलेले असले तर उत्तम, आणि ते आधीच ठेवावे लागतात.